मागावर राहिलेलं कापड

४ सफर, हिजरी १२९०, गुरुवार. लाबुआन बेट

पोचलो एकदाचे. पाठ मोडली आहे. दाउद तांडेल म्हणतो, वारा चांगला होता. असेल. त्याच्या पाठीला चांगला असेल.

धक्क्यावर कुणी घ्यायला आलं नाही. तोफ नाही, बँड नाही. ब्रुनेईच्या राजघराण्यातले पेंगिरान दामित यांचा खलिता रेशमी कापडात गुंडाळून मी डोक्याच्या उंचीवर धरून चालत होतो, आणि समोरून एक माणूस कोळशाची गाढवं हाकत आला तर मलाच बाजूला व्हावं लागलं! कचेरीत सांगितलं, उद्या जुम्मा, शनिवारी बघू. आम्हा सात जणांना एका चिनी दुकानदाराच्या माडीवर जागा दिली आहे. खाली सुकी मासळी, वर आम्ही. वासात फरक नाही.

काम साधं आहे. तिंबांग विणकरीण आणि तिचा नवरा गापर गेल्या अमावास्येला पेंगिरानांची छोटी होडी घेऊन ब्रुनेईहून पळाले, ते इथं गोऱ्यांच्या आसऱ्याला बसले आहेत. दोघं पेंगिरानांचे गुलाम. दोघांना परत न्यायचं. पेंगिरानांच्या धाकट्या राजकन्येचं लग्न महिनाअखेर आहे आणि तिंबांग आहेरात जायची आहे – उत्तरेच्या सासरी, मागासकट. गापर नाही जायचा. म्हणून पळाले, दुसरं काय.

बायकोला, बुंगसूला, सांगून आलो, पुढच्या शुक्रवारी घरी. उमीनं पावडरचा डबा मागितला आहे. आठ वर्षांची पोर, पावडर कशाला लागते हिला?

५ सफर, शुक्रवार

नमाजानंतर कचेरीतला दुभाषा भेटला. नैना मुनशी. पेनांगचा, बाप तमिळ, आई मलायी, तोंडात अखंड पान. माझा खलिता त्यानं साहेबांना वाचून दाखवला म्हणे. इथले मॅजिस्ट्रेट साहेब म्हणजे लांब नाकाचा, हळू बोलणारा माणूस.

मुनशी सांगत होता: पहिला भाग – आमची माणसं आमच्या स्वाधीन करा, ही आमच्या वाडवडिलांची रीत, वगैरे – तो साहेबांनी ऐकलाच नाही. असली पत्रं वर्षाला दहा येतात, फडताळात पडतात. गुलाम परत करायचा नाही, हा त्यांचा कायदा. पण दुसऱ्या भागाला साहेबांनी चष्मा काढला. चोरी! जरीचं कापड आणि होडी! चोर मात्र परत करायचे, असं दोन्हीकडच्या तहात लिहिलेलं आहे.

‘‘ज्यानं हे पत्र लिहिलं त्याला डोकं आहे,’’ मुनशी म्हणाला.

मी म्हटलं, मीच लिहिलं. पेंगिरानांचा कातिब आहे, त्यांची सगळी पत्रं मीच लिहितो.

त्यानं स्वतःच्या डब्यातलं पान करून दिलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

६ सफर, शनिवार

कचेरीबाहेर बाकावर दिवस गेला. साहेबांना वेळ नाही.

७ सफर, रविवार

तिंबांग दिसली.

शिपायांच्या चाळीमागे विहीर आहे, तिथं. एका हवालदाराच्या बायकोसाठी चटई विणत बसली होती. हात रिकामा ठेवायची सवयच नाही तिला. मला वाटलं, मला बघून पळेल, निदान पदर तरी ओढेल. बसल्या जागची हलली नाही.

‘‘कातिबदादा, तुम्ही होय! मला वाटलं, फौज येईल.’’

मी पेंगिरानांचं म्हणणं ऐकवलं. परत आलीस तर माफ करतील, फटके नाहीत. ती चटईच्या पात्या मोजत राहिली. मग विचारलं, मी चोरलं काय म्हणून लिहिलंय? मी सांगितलं – राजकन्येच्या लग्नाचं जरीचं कापड. तिनं मान वर केली. आश्चर्यानं हसली, जसं एखाद्यानं अंगरखा उलटा घातलेला बघून हसावं तसं.

‘‘ते तर मागावरच आहे, दादा. काठाला चार बोटं राहिलीत. तुम्ही बघितलं असेलच की.’’

बघितलं होतं. ती पळाली त्या सकाळी घरातल्या वस्तूंची यादी करायला मलाच पाठवलं होतं. माग तसाच उभा, कापड ताणलेलं, धोटा खाली जमिनीवर पडलेला. उन्हात कापडाची जर अशी चमकत होती की मी हात पुढे केला आणि मागे घेतला. संध्याकाळी पेंगिरानांनी मजकूर सांगितला. कापडाच्या वाक्याला माझा बोरू थांबला. ते म्हणाले, ‘‘लिही.’’ मी लिहिलं. इतकंच झालं. एका श्वासात झालं.

होडी मात्र नेली हे खरं. पोहत थोडेच येणार होते.

८ सफर, सोमवार

दाउदकाकांना विचारलं, काका, मला लोक गुलाम समजतात का? ते जाळं सांधत होते. म्हणाले, तुला काय वाटतं?

मला असं वाटतं – नाही, मला वाटतच नाही काही, मी कधी विचारच केला नाही. माझी आई दक्षिणेच्या बेटावरून पळवून आणलेली. पेंगिरानांच्या वडिलांनी तिला घेतली, मी त्यांच्याच ओट्यावर जन्मलो. त्यांच्या मुलांबरोबर मला मुळाक्षरं शिकवली कारण माझं अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं यायचं. मी त्यांच्या घरचं जेवतो. मला ‘ए’ म्हणून कुणी हाक मारत नाही, ‘कातिब’ म्हणतात. बुंगसू त्यांच्या स्वयंपाकघरात आहे, तिनं केलेली सागोच्या पिठाची चिकट खळ पाहुण्यांपुढे ठेवतात. उमीला राजकन्येनं पायातले वाळे दिले.

पण जुमातचं काय झालं तेही मला ठाऊक आहे. जुमात पंचवीस वर्षं त्यांचा पानदान उचलणारा. एकदा पाहुण्यांपुढे उलट बोलला. दुसऱ्या दिवशी तो घरात नव्हता, त्याचा मुलगाही नव्हता. डोंगरातल्या लोकांना दिला म्हणाले. नंतर कुणी त्याचं नाव काढलं नाही. मीही नाही.

९ सफर, मंगळवार

आज साहेबांनी बोलावलं. मुनशी मधे बसला.

मी चांगलं बोललो. रोजनिशीत स्वतःची स्तुती करायला हरकत नसावी. मी म्हटलं, साहेब, तुमचा झेंडा या बेटावर आहे, आमच्या नदीवर नाही. आमच्या घरात कोण कुणाचं हे तुम्ही ठरवणार असाल तर तह कशाला केलात? गेल्या वर्षी अकरा माणसं तुमच्याकडे आली. आम्ही पत्रं पाठवली, तुम्ही उत्तर दिलं नाही. शेजाऱ्याची कोंबडी कुंपणातून आली तर भला माणूस ती परत सोडतो.

मुनशीनं हे भाषांतर करताना कोंबडीपाशी जरा खोकून घेतलं.

साहेब म्हणाले, कोंबडी येऊन माझ्याशी बोलत नाही. ही बाई बोलते. मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, गुलाम म्हणून मागाल तर उत्तर नाही. चोर म्हणून मागत असाल तर तो वेगळा विचार, मग मला पुरावा बघितला पाहिजे. कापड गेलं हे तुमच्यातल्या कुणाला स्वतःच्या डोळ्यांनी माहीत आहे?

गापर कोपऱ्यात उभा होता. आता त्यानं हात उचलला आणि माझ्याकडे दाखवलं.

गुरुवारी कुराणावर हात ठेवून सांगायचं आहे.

१० सफर, बुधवार

जेवण गेलं नाही.

खोटं सांगितलं तर दोघं परत जातात. पेंगिरान शब्दाचे पक्के असते तर फटके पडले नसते, पण ते तसे नाहीत. तिंबांग उत्तरेला जाईल, गापर कुठे जाईल देव जाणे.

खरं सांगितलं तर मी जाईन परत – आणि खलिता खोटा पाडून जाईन. सगळ्या बेटासमोर, गोऱ्यांसमोर, स्वतःच्या मालकाला. जुमात तर फक्त पाहुण्यांसमोर बोलला होता. आणि माझी दोघं तिथं, त्यांच्याच ओट्यावर.

मुनशीला म्हटलं, तुम्ही साहेबांना सांगाल का, की मी आजारी आहे? तो म्हणाला, सांगेन. मग ते डॉक्टर पाठवतील आणि डॉक्टर म्हणेल, याला भीती झाली आहे. हसत नव्हता. वाईट माणूस नाही तो.

दाउदकाकांकडे गेलो. ते पडावाच्या फळीला डांबर लावत होते. सगळं ऐकलं, डांबर लावत राहिले. शेवटी म्हणाले, ‘‘खोटं बोललास तर तुला झोप यायची नाही. खरं बोललास तर आम्हा सगळ्यांना. आम्ही सहा जण आहोत, वाटून घेऊ. तू तुझं बघ.’’

११ सफर, गुरुवार

झालं.

आजचं अक्षर बघवत नाही. कुणी म्हणेल हा कातिब आहे?

कचेरीत गर्दी होती. खाणीवरचे लोक, दुकानदार, शिपायांच्या बायका. इथं करमणूक दुसरी काय आहे. तिंबांग आणि गापर एका बाकावर. माझ्यापुढे कुराण ठेवलं. आधी मुनशीनं वहीत माझी माहिती लिहायला घेतली. नाव? मातुसिन. धंदा? कातिब. मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, ‘‘स्वतंत्र की कुणाचे?’’

साधा प्रश्न. सगळ्यांनाच विचारतात. माझ्या आधी त्यानं एका चिन्याला विचारला, एका मासेवाल्याला विचारला. ते पटकन बोलले. मला वाटलं मागे कुणीतरी हसतंय, पण कुणी हसत नव्हतं. साहेब टाक खाली ठेवून बघत होते. चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं आणि ज्यांना सांगायची गरज नव्हती त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, पेंगिरानांचा.

मुनशीनं लिहिलं. वाळू टाकली वर.

साहेबांनी विचारलं, कापड गेलं का? मी कुराणावर हात ठेवला. वाटेत ठरवून आलो होतो की असं बोलायचं की खरंही ठरणार नाही आणि खोटंही ठरणार नाही. मी तसली वाक्यं आयुष्यभर लिहिली आहेत, मला येतात. पण पुस्तकाचं चामडं हाताला गार लागलं आणि ते वाक्य मला सापडेना.

‘‘कापड मागावर आहे. मी पाहिलं. काठाला चार बोटं राहिली आहेत. होडी मात्र यांनी आणली.’’

आणि पत्रात चोरी कुणी लिहिली? साहेबांनी विचारलं.

‘‘मी लिहिली.’’

तिंबांगनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गापर, जो इथं आल्यापासून एक शब्द बोललेला मी ऐकला नाही, तो मोठ्यानं रडायला लागला. साहेब काहीतरी बराच वेळ बोलले. मुनशीनं त्यातलं एवढंच मला सांगितलं: साहेब म्हणतात, या जमिनीवर उभे आहात तोवर तुम्हालाही कुणी नेऊ शकत नाही. नाव नोंदवायचं का?

मी म्हटलं, माझी बायको तिथं आहे. मुलगी तिथं आहे.

साहेबांनी मान हलवली. ते समजले असावेत. ज्याची माणसं दुसऱ्याच्या घरात आहेत तो कुठल्या जमिनीवर उभा आहे याला काय अर्थ?

१२ सफर, शुक्रवार

निकाल लागला. माणसं राहणार, होडी जाणार. लाटसाहेबांच्या सहीचा खलिता मिळेल, पण ते खाणीच्या पाहणीला पलीकडे गेले आहेत, म्हणजे तीन-चार दिवस. मला थांबावं लागणार.

छोटी होडी मात्र आजच ताब्यात दिली. दाउदकाका म्हणाले, मी आणि एक वल्हेवाला ती घेऊन पुढे होतो, पेंगिरानांना निदान होडी तरी दिसू दे. मी म्हटलं, काका, त्यांना सगळं तुमच्या तोंडून कळेल. तुमच्यावर राग निघेल. ते म्हणाले, म्हाताऱ्यावर राग काढून किती काढतील? भरतीला निघाले. जाताना त्यांनी मला काही विचारलं नाही. मी घरी काही निरोप दिला नाही. काय द्यायचा?

तिंबांग उकडलेले सुरण घेऊन आली. बसली नाही, उभ्यानंच म्हणाली, दादा, राहा. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग खा तरी.

खाल्ले. आठ दिवसांत पहिल्यांदा भूक लागली होती. याची मला लाज वाटली, पण सगळे खाल्ले.

१३ सफर, शनिवार

इथल्या माणसांकडे बघत हिंडलो. गेल्या वर्षी पळून आलेल्या अकरापैकी तीन सापडले. एक सुतार झाला आहे. एकीचं वडे-भजीचं दुकान आहे, केळ्याची करते, चांगली असतात. तिसरा दिवसभर धक्क्यावर बसून नदीच्या दिशेनं बघतो. त्याची माणसं तिकडे राहिली. त्याच्याशी बोलायचा धीर झाला नाही.

भजीवालीला विचारलं, सुरुवातीला काय अवघड गेलं? ती म्हणाली, सकाळी उठल्यावर कुणी काम सांगेना, तेच. पहिले आठ दिवस ती शेजारणीचं अंगण झाडायची.

१४ सफर, रविवार

मुनशी नकाराच्या खलित्याचा मलायी मसुदा घेऊन आला. बघा म्हणाला, तुमच्याइतकं चांगलं कुणी लिहीत नाही. मी बघितलं. तौबा तौबा! पेंगिरानांना असं लिहितात? किरकोळ व्यापाऱ्याला लिहितात तसं संबोधन. बोरू घेतला आणि सगळं नव्यानं लिहून दिलं – मानाचे सगळे शब्द, सगळे लवून केलेले नमस्कार, आणि शेवटी स्वच्छ, ठाम: देता येत नाहीत. इतकं छान उतरलं की दोनदा वाचलं.

मग लक्षात आलं, मी माझ्याच मालकाला नाही म्हटलं आहे. माझ्या हस्ताक्षरात. ते ओळखतील!

मुनशी पोट धरून हसला. मलाही हसू आलं. इतके दिवस कुठे होतं हे हसू? त्यानं पुन्हा विषय काढला. कचेरीला मलायी अक्षराचा माणूस हवा आहे, साहेबांना तुमचं अक्षर आवडलं. मी नाही म्हटलं. पण या वेळी नाही म्हणायला मला जरा वेळ लागला. तो वेळ त्यानंही बघितला.

१५ सफर, सोमवार

लाटसाहेब आले, सही झाली, मोहोर झाली. उद्या सकाळी ओहोटीबरोबर निघायचं. उरलेले चार वल्हेवाले तयार आहेत, तोंडं पाडून.

काय बोलायचं ते ठरवतो आहे. पेंगिरानांच्या पायाशी बसेन. म्हणेन, जबानी मी दिली, शिक्षा मला द्या, वल्हेवाल्यांचा दोष नाही, बुंगसूला काही माहीत नाही. त्यांच्याबरोबर मी गोट्या खेळलो आहे. त्याची आठवण काढावी का? नको. आठवण काढली की चिडतात.

तरी एक गोष्ट लिहून ठेवतो. मला भीती वाटते, पण दहा दिवसांपूर्वी वाटत होती ती ही नव्हे. तेव्हाची भीती कशाची होती हेही मला सांगता येत नव्हतं. आता येतं. आता मला माहीत आहे मी कोण आहे, आणि ते लपवण्यात माझी किती शक्ती गेली. परत गेलो तरी हे कुणी काढून घेऊ शकणार नाही. उमीला शिकवेन. मुळाक्षरं, आणि हेही.

पावडरचा डबा घेतला. चिन्यानं उगाच दोन सुटी बटणंही दिली.

१६ सफर, मंगळवार

पडावात पाय ठेवला होता. मुनशी धक्क्यावरून ओरडला, थांबा! सागोच्या पिठाची चिनी होडी लागत होती. पोत्यांच्या मागून उमी उतरली. तिच्या मागून बुंगसू, कपाळापासून पायापर्यंत पिठानं पांढरी.

दाउदकाका शनिवारी आधी तिच्याकडे गेले होते. सगळं सांगितलं. म्हणाले, पेंगिरानांकडे मी सोमवारी दुपारी जाईन, वाटेत वाऱ्यानं अडकलो म्हणेन. दीड दिवस आहे तुझ्याकडे. तिनं एक दिवसही पुरा घेतला नाही.

खलिता वल्हेवाल्यांच्या हातात दिला आणि पडावातून उतरलो.

उमी सगळीकडे बघत होती. म्हणाली, ‘‘बाबा, इथं आपण कुणाचे?’’

बुंगसूनं पदरानं तिचं नाक पुसलं.

‘‘कुणाचेच नाही. चल, आधी काहीतरी खाऊ.’’